शिक्षेआधी गावाला विचारा

फौजदारी खटल्यात दोष सिद्ध झाला की न्यायाधीश आरोपीला विचारतात, शिक्षेबाबत काही म्हणायचे आहे का? बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते: घरी म्हातारे आईबाप आहेत, दया करा. जो लहानपणापासून बौद्धिक दिव्यांग आहे त्याला कधी एवढेही सांगता येत नाही. तो नुसती मान डोलावतो. वकिलानेही चौकशी केलेली नसेल, तर शिक्षेवर सगळ्यात जास्त परिणाम करणारी गोष्ट निकालपत्रात येतच नाही.

भंडारा जिल्ह्यातल्या आसगावसारख्या गावात मात्र ती कोणापासून लपलेली नसते. धानाच्या रोवणीत असा माणूस दिवसभर चिखलात उभा राहतो, पऱ्ह्यांच्या पेंढ्या नेमक्या बांधीत पोहोचवतो. पण संध्याकाळी मजुरी हातावर ठेवली तर किती मिळाली हे त्याला मोजता येत नाही. किराणा दुकानदार देईल तेवढे सुटे पैसे तो मुकाट्याने घेतो. शाळेतले गुरुजी, अंगणवाडीताई, पोलीस पाटील, शेजारीण, सगळ्यांना हे माहीत असते. माहीत नसते ते पवनीच्या किंवा भंडाऱ्याच्या कोर्टाला.

कायद्याला नेमकी हीच माहिती हवी आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या अनुसूचीतली बौद्धिक दिव्यांगतेची व्याख्या दोन गोष्टी बघते: तर्क करण्याची, शिकण्याची, अडचण सोडवण्याची क्षमता आणि रोजच्या व्यवहारातली कौशल्ये. प्रमाणपत्र देताना वापरली जाणारी व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता चाचणीही मुख्यतः आईवडिलांना किंवा जवळच्या माणसाला विचारूनच भरली जाते. तो एकटा बाजारात जातो का, पैसे हाताळतो का, असेच तिचे प्रश्न असतात. त्या चाचणीत 55 ते 69 गुण मिळाले की दिव्यांगता सौम्य धरतात. हीच माणसे नजरेतून निसटतात. ती बोलतात, कामाला जातात, ओळखीच्याला रामराम घालतात. पाहणाऱ्याला वेगळे काही जाणवत नाही.

पोलीस ठाण्यात तर अशा माणसाची फारच दैना. मोठ्या आवाजातल्या प्रत्येक प्रश्नाला ‘हो साहेब’ म्हणण्याची सवय त्याला लागलेली असते, कारण ‘हो’ म्हटले की समोरचा शांत होतो. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात अर्ल वॉशिंग्टन या बौद्धिक दिव्यांग शेतमजुराने 1983 मध्ये बलात्कार आणि खुनाची कबुली दिली. मारली गेलेली स्त्री गोरी होती. त्याने ती काळी असल्याचे सांगितले होते. तरी त्याला मृत्युदंड झाला. 1985 मध्ये फाशी नऊ दिवसांवर आली असताना ती थांबली. पुढे डीएनए चाचणीने तो निर्दोष ठरला, पण तोवर 2000 साल उजाडले होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बौद्धिक दिव्यांगांना मृत्युदंड देण्यास 2002 मध्ये मनाई केली.

भारतात तशी सरसकट मनाई नाही. 1980 च्या बचनसिंग निकालात मात्र शिक्षा सौम्य करणाऱ्या कारणांत आरोपीच्या मानसिक उणिवेचा उल्लेख आहे. त्या उणिवेमुळे कृत्याचे गुन्हेगारी स्वरूप समजण्याची क्षमता खुंटलेली असली पाहिजे. महाराष्ट्रातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालय 12 एप्रिल 2019 रोजी आणखी पुढे गेले. दोन लहान मुलींवर अत्याचार करून त्यांचा खून करणाऱ्या कैद्याला शिक्षेनंतर तीव्र मनोविकार झाल्याचे दिसले. न्यायालयाने त्याचे नाव झाकून निकाल दिला आणि फाशीऐवजी उरलेले आयुष्य तुरुंगात काढण्याची शिक्षा ठेवली. शिक्षेनंतर आलेला आजार इतका मोलाचा ठरत असेल, तर गुन्ह्याच्या क्षणीही असलेली, बालपणापासूनची दिव्यांगता त्याहून जास्त मोलाची ठरायला हवी. पण 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने आजाराच्या व्याख्येतून बौद्धिक दिव्यांगता वगळली आहे. हे वगळणे शास्त्राला धरूनच आहे, कारण दिव्यांगता हा आजार नव्हे. म्हणून आजाराबद्दलच्या निकालांवर विसंबून चालणार नाही. तिचा पुरावा वेगळा मांडावाच लागतो.

तो कधी मांडायचा, हे 2022 च्या मनोज विरुद्ध मध्य प्रदेश निकालाने सांगितले: मृत्युदंडाच्या खटल्यात आरोपीची मानसिक तपासणी, घरची परिस्थिती आणि तुरुंगातले वर्तन सत्र न्यायालयापुढेच आले पाहिजे. नागपूरजवळच्या वाडीत 2008 मध्ये चार वर्षांच्या मुलीचा बळी घेणाऱ्या कैद्याच्या शिक्षेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये याच कसोटीवर पुन्हा उघडला. त्या मुलीच्या आईवडिलांना याने काय वाटले असेल याचा विचार टाळता येत नाही. पण ही चौकशी पहिल्याच वेळी नीट झाली तर त्यांनाही तेच दुःख वर्षानुवर्षे उगाळावे लागणार नाही. प्रोजेक्ट 39ए या संस्थेच्या 2021 च्या अभ्यासात पाच राज्यांतल्या मृत्युदंडाच्या 88 कैद्यांच्या भेटी घेतल्या गेल्या. सुमारे 11 टक्क्यांत बौद्धिक दिव्यांगता आढळली.

अशी सोंगे कोणीही करील, ही शंका नेहमी येते. पण ही दिव्यांगता लहान वयातच दिसते. वीस वर्षांपूर्वीचा शाळेचा दाखला, हजेरीपट, अंगणवाडीची नोंद खटल्याच्या आदल्या रात्री तयार होत नाही.

प्रश्न फक्त मृत्युदंडाचा नाही. चोरी, मारामारी अशा गुन्ह्यांत अशा आरोपीला 1958 च्या परिवीक्षा कायद्याखाली चांगल्या वर्तनाच्या बंधपत्रावर सोडता येते. मात्र बंधपत्राच्या अटी त्याला साध्या शब्दांत, पुन्हा पुन्हा समजावणारे माणूस लागते. नाहीतर अट मोडली म्हणून तो परत कोर्टात उभा राहतो. ते माणूस गावातूनच यायला हवे. वकिलाच्या खर्चाचीही अडचण नाही: विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 प्रमाणे दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळतो. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करायचा. सोबत शाळेचा दाखला, दिव्यांग प्रमाणपत्र असल्यास त्याची प्रत, आणि त्याला लहानपणापासून पाहिलेल्या दोघातिघांची नावे द्यायची.