चेहऱ्याखालचं नाव

(वसंत व्याख्यानमालेत धाराशिव येथे दिलेलं व्याख्यान)



संयोजकांनी मला विषय दिला तो असा : आपल्या जिल्ह्यातल्या साध्या माणसांच्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं झालं, तर त्याच्या उद्घाटनाची संध्याकाळ कशी असावी? मी म्हटलं, असं प्रदर्शन तर आपल्याकडे बारमाही चालू आहे. कुठल्याही चौकात जाऊन मान वर करा. फ्लेक्सच्या मधोमध गॉगल लावलेले सत्कारमूर्ती, वरच्या कोपऱ्यात मुंबईचे नेते, त्यांच्याखाली जिल्ह्याचे नेते आणि तळाला रांगेने टिकलीएवढे शुभेच्छुक. कुणाचा चेहरा केवढा छापायचा हे पदावरून ठरतं, आणि एखादा चेहरा चुकून लहान झाला तर रात्रीतून फ्लेक्स उतरतो. तेव्हा आपल्या प्रदर्शनाची पहिली अट सांगून टाकतो, म्हणजे पुढे भांडणं नकोत. सगळे फोटो एकाच मापाचे हवेत. शेळ्या राखणारी बाई आणि सरपंच यांच्यात एका इंचाचाही फरक नको.

चेहरे घडवण्याची हौस या मातीत फार जुनी आहे. तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभं राहिलेलं संग्रहालय तुमच्यापैकी अनेकांनी शाळेच्या सहलीत घाईघाईने पाहिलं असेल. आता एकदा सावकाश पाहा. पेरिप्लस या प्राचीन ग्रीक प्रवासग्रंथात ज्याचा उल्लेख येतो ते तगर म्हणजे हेच तेर. तिथे सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती आणि १९३८ साली इटलीत पॉम्पेईच्या उत्खननात निघालेली मूर्ती यांतलं साम्य अभ्यासक दाखवत आले आहेत. मला मात्र त्या प्रसिद्ध मूर्तीपेक्षा मातीच्या छोट्या मूर्तींपाशी जास्त वेळ थांबावंसं वाटतं. केसांची ठेवण, कानातलं, गालांची गोलाई, सगळं निगुतीने केलेलं. घडवणाऱ्याने कुणाला तरी डोळ्यांसमोर ठेवलं असणार. नावं मात्र घडवणाऱ्याचीही उरली नाहीत आणि डोळ्यांसमोरच्या माणसाचीही नाहीत.

त्याच तेरच्या संत गोरोबाकाका कुंभारांची गोष्ट तुम्हाला मी सांगायला नको. थापटण्याने एकेका संताचं डोकं वाजवून कोणतं मडकं कच्चं ते त्यांनी ठरवलं; कच्चे ठरले संत नामदेव आणि त्यांना राग आला. कीर्तनात आपण ही कथा गोरोबांच्या बाजूने ऐकतो. फोटो काढणाऱ्याने ती एकदा नामदेवांच्या बाजूने ऐकावी. पारखणारा पारखून मोकळा होतो. आपलं डोकं सगळ्यांसमोर वाजवलं गेलं, आता यावर आपण काय बोलायचं, हा प्रश्न ज्याचं डोकं त्याला पडतो.

आपण १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतो, त्यामुळे कॅमेरा इकडे आला तो हैदराबादच्या वाटेने. सहाव्या निजामाने, महबूब अली खानाने, लाला दीनदयाळ यांना दरबारी छायाचित्रकार नेमलं आणि पुढे राजा ही पदवी दिली. त्यांच्या कामाच्या दोन बाजू एकमेकींशेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. १८९२ साली त्यांनी हैदराबादेत पडद्यातल्या स्त्रियांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला. भोवती उंच भिंती, आत सगळी व्यवस्था बायकांच्या हाती. तिथे जी बाई यायची ती स्वतःच्या मर्जीने, नटूनथटून, पैसे मोजून. कसं बसायचं ते ती ठरवणार आणि फोटो तिच्याच घरी जाणार. दुसऱ्या बाजूला, १८९९-१९०० च्या दुष्काळात औरंगाबाद भागातल्या मदतकार्याचे त्यांच्या स्टुडिओने काढलेले फोटो आहेत. रांगेत बसवलेली, बरगड्या मोजता येतील अशी माणसं. सरकारने केलेल्या चांगल्या कामाचा तो पुरावा. असे अल्बम बांधले जायचे राज्यकर्त्यांसाठी आणि त्यांच्या पाहुण्यांसाठी. दीनदयाळांचा हात दोन्हीकडे तितकाच कसबी. फरक पडला तो फोटो कुणी मागितला आणि कुणाच्या घरी गेला, यामुळे. कुठल्याही प्रदर्शनात शिरताना मी हेच दोन प्रश्न सोबत घेऊन जातो.

इंग्रज सरकारने तर १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ नावाचे आठ खंड छापले. साडेचारशेंहून जास्त फोटो आणि बहुतेकांखाली माणसाच्या नावाऐवजी जात नाहीतर जमात. १८५७ नंतर आपली प्रजा कोण आहे, कोणावर विश्वास टाकावा, याची ती यादीच होती. आपल्या जिल्ह्यातल्या पारधी वस्तीवर कुणी कॅमेरा घेऊन गेला आणि माणसं घरात शिरली, तर त्याने रुसू नये. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, त्यांची नोंद झाली, हजेरी लागली, पुढे बोटांचे ठसेही घेतले गेले. त्या कायद्याची नोंदवही स्वतंत्र भारतात १९५२ साली बंद झाली. संशय असा एका तारखेला बंद होत नाही.

बरं, प्रेमाने काढलेल्या फोटोंचं तरी काय झालं? न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात १९५५ च्या जानेवारीत ‘द फॅमिली ऑफ मॅन’ हे गाजलेलं प्रदर्शन उघडलं. ६८ देशांतले ५०३ फोटो, सारी मानवजात एक कुटुंब असा उदार हेतू. फोटोखाली छायाचित्रकाराचं नाव, देशाचं नाव. ज्याचा चेहरा तो मात्र सहसा बिननावाचा. कुटुंब म्हणायचं आणि नाव विचारायचं नाही, ही रीत आपल्याकडे तरी चालत नाही. आपल्याकडे अनोळखी पाहुण्याला पाणी देतानाच गाव, आडनाव आणि मामाकडचं गाव विचारून होतं.

त्याहून बोचणारी गोष्ट शरबत गुला या अफगाण मुलीची. १९८४ साली पाकिस्तानातल्या निर्वासित छावणीत तिचा फोटो काढला गेला, पुढच्या वर्षी ‘नॅशनल जिओग्राफिक’च्या मुखपृष्ठावर आला आणि ते हिरवे डोळे जगभर पोचले. २००२ साली तिला शोधून काढलं तेव्हा कळलं की तिने स्वतः तो फोटो तोवर पाहिलाच नव्हता. साऱ्या जगाने पाहिला, तिने सोडून.

आता आपल्याकडचं उदाहरण. पत्रकार पी. साईनाथ यांचं ‘व्हिजिबल वर्क, इनव्हिजिबल विमेन’ हे प्रदर्शन ग्रामीण बायकांच्या कामाचं आहे. फोटो १९९३ ते २००२ मधले, दहा राज्यांतले. हे प्रदर्शन कलादालनांत अडकलं नाही. ते बसस्थानकांवर लागलं, रेल्वे स्टेशनांवर, कारखान्यांच्या फाटकांपाशी आणि शेतमजुरांच्या मेळाव्यांत लागलं. सात लाखांहून जास्त लोकांनी ते भारतात पाहिलं. त्यातला विजयनगरमचा एक प्रसंग मला विसरता येत नाही. कॅमेरा पाहून जमीनमालक ताठ झाला, ऐटीत उभा राहिला. त्याच्या शेतात भातलावणी करणाऱ्या नऊ बाया वाकलेल्याच राहिल्या. दिवसाला चाळीस रुपये देतो, असं त्याने सांगितलं; बायांनी मागाहून सांगितलं, पंचवीस. ताठ उभं राहून फोटो काढून घ्यायला हातातलं काम थांबवता यावं लागतं आणि ती मोकळीक मालकाकडे असते. म्हणून माझं मत असं की, आपण रोजंदारीवरच्या माणसाला फोटोसाठी उभं करणार असू तर त्याची बुडालेली मजुरी द्यावी. पैसे दिले की फोटो खोटा होतो, असं म्हणणारे संपादक मला भेटले आहेत. त्यांच्या स्वतःच्या लग्नाच्या फोटोंत किती खरेपणा असतो, ते त्यांनी पाहावं.

साईनाथांनीच २०१४ च्या डिसेंबरात सुरू केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात चेहऱ्यांचा एक वेगळा प्रकल्प आहे. प्रत्येक जिल्ह्यातले चेहरे गोळा करायचे, त्यांत बाई हवी, पुरुष हवा, लेकरू हवं. फोटोखाली नाव, काम, गाव, तालुका, जिल्हा. एवढंच. हे एवढंच ‘द पीपल ऑफ इंडिया’च्या आठ खंडांना जमलं नव्हतं.

आता आपल्या उद्घाटनाच्या संध्याकाळकडे येतो, कारण इथे खऱ्या अडचणी सुरू होतात.

आपल्याकडे माणसाचा मोठा फोटो भिंतीवर कधी जातो? तो गेल्यावर. जिवंतपणी तो रेशन कार्डावर असतो, आधार कार्डावर असतो, लग्नाच्या अल्बममध्ये तिसऱ्या रांगेत असतो. दहाव्याच्या आधी घरातलं पोर तो ग्रुप फोटो घेऊन स्टुडिओत जातं. स्टुडिओवाला चेहरा कापून घेतो, मागे निळं आभाळ टाकतो आणि ज्याने आयुष्यभर धोतर नेसलं त्याला कोट चढवतो. किल्लारीच्या भूकंपात, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, उमरगा-लोहारा भागातली दगडमातीची जाड भिंतींची घरं कोसळली तेव्हा त्या भिंतींवरचे असे किती फोटो गाडले गेले असतील, याचा हिशेब कुठल्याच पंचनाम्यात नाही.

तेव्हा ज्या जिल्ह्यात फ्रेममधला मोठा चेहरा म्हणजे गेलेलं माणूस, तिथे जिवंत माणसांचे मोठे फोटो भिंतीवर टांगून आपण त्यांनाच ते पाहायला बोलावणार. म्हातारी आत आली आणि पहिल्यांदा काय म्हणेल? ‘अगं बाई, मला आत्ताच टांगलं का?’ हसू नका, हे लक्षात ठेवून तयारी करा. उद्घाटनाला आपल्याकडे समई, नारळ, प्रतिमापूजन आणि हार ठरलेले. कार्यकर्त्यांचा हात सवयीने हाराकडे जातो. त्या दिवशी फुलांचा हार प्रदर्शनाच्या दाराच्या आत येता कामा नये. समई लावायचीच असेल तर ती फोटोंपासून लांब, दाराशी.

दुसरी गोष्ट अवघड आहे, पण बोलतो. आपल्या जिल्ह्याचं नाव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्यांत वारंवार येतं. त्या बातमीबरोबरचा फोटो तुम्हाला न पाहता सांगता येईल : उंबऱ्यावर बसलेली बाई आणि तिच्या हातात नवऱ्याची फ्रेम. ती बाई जणू त्या फोटोची खुंटी. तिच्याकडे दोन एकर असतात, कर्ज असतं, दोन उस्मानाबादी शेळ्या असतात, दहावीतली मुलगी असते, आणि वाचकाला दिसतो तो तिच्या मांडीवरचा पुरुष. आपल्या प्रदर्शनात तिचा फोटो असेल तर हात मोकळे असू द्या. काय धरायचं ते तिला ठरवू द्या. ती शेळी धरेल, मोबाइल धरेल, कदाचित नवऱ्याची फ्रेमच आणेल. आणली तर आणली, पण आपण ती मागायची नाही.

उद्घाटनाच्या संध्याकाळी कुणालाही आपला चेहरा पहिल्यांदा दिसता कामा नये. लोकांसमोर, माईकसमोर, पाहुण्यांच्या घोळक्यात स्वतःला अचानक भिंतीवर पाहणं ही भेट नव्हे, परीक्षा आहे. फोटो आठ दिवस आधी घरी न्यावा, दाखवावा. एखादी बाई ‘पदर नीट नाही’ म्हणाली तर पुन्हा काढावा. छायाचित्रकाराला वाटेल की सहजपणा गेला. जाऊ द्या. आपल्या बाया फोटोत सरळ पुढे बघतात, हसत नाहीत, हात मांडीवर ठेवतात, ती त्यांची फोटोत दिसण्याची रीत आहे. कुणी ‘नको’ म्हटलं तर फोटो उतरवावा आणि कारण विचारू नये. ‘हो’ म्हटलं तर एक प्रत त्याच दिवशी घरी ठेवून यावी, म्हणजे प्रदर्शनाचं पुढे काही होवो, फोटो ज्याचा त्याला मिळालेला असेल.

फीत कापायला पालकमंत्री हवेत का, असं मला कुणीतरी आधीच विचारलं आहे. येऊ द्या त्यांना, रांगेतून येऊ द्या. पण ते आले की खुर्च्या हलतात, कार्यक्रम दोन तास लांबतो आणि परंडा, भूम, वाशीकडची शेवटची एसटी निघून जाते. ज्यांचे फोटो आहेत ती माणसं मुक्कामाला कुठे जाणार? म्हणून संध्याकाळ हा शब्दच जरा सैल धरा. दुपारी चारला उघडा, सहाला भाषणं संपवा. शहरातल्या सभागृहाचा हट्टही सोडा. कळंबच्या बाजारच्या दिवशी, तुळजापुरात महाद्वाराच्या वाटेवर, उमरग्याच्या बसस्थानकात हे फोटो लागले तर मुद्दाम येणाऱ्यांपेक्षा थांबून पाहणारे जास्त मिळतील.

राहिला काळ. दसरा-दिवाळीनंतर आपल्याकडची कितीतरी घरं कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्यांवर जातात आणि गाळप संपलं की मार्च-एप्रिलकडे परततात. मधल्या महिन्यांत उद्घाटन ठेवलं तर भिंतीवरची निम्मी माणसं फडात असतील आणि आपण त्यांच्या फोटोंपुढे चहा पीत असू. पावसाळ्यात पेरण्या. तेव्हा एप्रिलचा शेवट किंवा मेचा पहिला आठवडा, ऊन उतरल्यावर. मंडप घालावा लागेल, पाण्याचे जार जास्त लागतील, टँकरचं आधी सांगून ठेवावं लागेल. तेवढा खर्च धरा. कुणाला काही विचारायचं असेल तर मी थांबलो आहे.