डॉ. डॅनियल हेल विल्यम्स : एका सर्जनची गोष्ट
(वर्धापनदिनानिमित्त विहारात झालेले भाषण)



संयोजकांनी आम्हांला आरोग्यावर चार शब्द बोलायला सांगितले. उपदेश करण्यापेक्षा एका सर्जनची गोष्ट सांगावी, असे आम्ही ठरविले. हा सर्जन आपल्याकडचा नाही, अमेरिकेतल्या शिकागो शहरातला. नाव डॉ. डॅनियल हेल विल्यम्स.

जन्म १८५६ चा, पेनसिल्व्हेनियातला. जातीने म्हणजे तिकडच्या भाषेत वर्णाने काळा. बाप न्हावी. तो क्षयाने गेला आणि घर विस्कटले. पोराला जोडे शिवणाऱ्याकडे उमेदवारीला ठेवले. तिथे त्याचे मन रमले नाही. मग वस्तरा-कात्री हातात घेतली आणि केस कापून पोट भरू लागला. पुढे विस्कॉन्सिनमध्ये डॉ. हेन्री पामर यांच्या हाताखाली राहिला अन् डॉक्टरकीची गोडी लागली. १८८३ मध्ये शिकागोच्या मेडिकल कॉलेजातून तो डॉक्टर झाला.

पण डॉक्टर होऊन भागते का? शहरातली इस्पितळे काळ्या डॉक्टरला ऑपरेशन करू देत नव्हती. मग रोग्याच्याच घरी, स्वयंपाकघर उकळत्या पाण्याने स्वच्छ करून ते शस्त्रक्रिया करीत.

अशात एक दिवस एक पाद्री त्यांच्याकडे आला. त्याची बहीण एमा रेनॉल्ड्स हिला नर्स व्हायचे होते आणि काळी म्हणून तिला कुठेच प्रवेश मिळत नव्हता. डॉक्टरांनी एकीसाठी चिठ्ठी-चपाटी देऊन विषय मिटविला नाही. त्यांनी वस्तीतल्या लोकांना गोळा केले, वर्गणी जमविली आणि १८९१ मध्ये अवघ्या १२ खाटांचे ‘प्रॉव्हिडंट’ इस्पितळ उभे केले. सोबत नर्सिंगची शाळा. एमा तिथे पहिल्या तुकडीत शिकली. आणि हे लक्षात घ्या, दार सगळ्यांना उघडे होते. डॉक्टरही काळे-गोरे, रोगीही काळे-गोरे.

९ जुलै १८९३ च्या रात्री जेम्स कॉर्निश नावाचा तरुण छातीत सुरा लागून तिथे आला. जखम वरवरची वाटली, पण सकाळपर्यंत तो खचत चालला. त्या काळी क्ष-किरण नव्हते, प्रतिजैविके नव्हती, रक्तपेढी नव्हती. हृदयाजवळ हात घालू नये, अशीच बहुतेक सर्जनांची समजूत. डॉ. विल्यम्स यांनी बरगड्यांमधून लहानशी खिडकी केली. हृदयाभोवतीची पिशवी फाटली होती. धडधडत्या हृदयावर ती हलती पिशवी त्यांनी टाके घालून शिवली. ५१ दिवसांनी कॉर्निश चालत घरी गेला, अन् पुढे कित्येक वर्षे जगला.

अशी शस्त्रक्रिया दुसऱ्या एका सर्जननेही आधी केली होती, म्हणून ‘जगातले पहिले’ असे आम्ही म्हणणार नाही. खोटी थोरवी कशाला? खरी आहे तेवढी पुरे. १८९४ मध्ये ते वॉशिंग्टनच्या फ्रीडमन्स इस्पितळाचे मुख्य सर्जन झाले. १८९५ मध्ये काळ्या डॉक्टरांची राष्ट्रीय संघटना उभी करणाऱ्यांत ते होते. १९१३ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स स्थापन झाले, तेव्हा संस्थापक सभासदांत ते एकटेच काळे.

आता एक कडू गोष्टही सांगतो. १९१२ मध्ये त्यांची एका मोठ्या गोऱ्या इस्पितळात नेमणूक झाली. ‘प्रॉव्हिडंट’मधल्या आपल्याच माणसांनी त्यांच्या निष्ठेवर बोट ठेवले. वाद वाढला आणि ज्यांनी संस्था काढली तेच संस्थेबाहेर पडले. ४ ऑगस्ट १९३१ रोजी ते वारले. इस्पितळ मात्र चालत राहिले. १९८७ मध्ये बंद पडले, १९९३ मध्ये सरकारी कारभाराखाली पुन्हा उघडले.

मंडळी, संस्था चालविणारे आपण सारे. कोण अध्यक्ष, कोण खजिनदार, यावरून आपल्यातही तोंडे फिरतात. तेव्हा आठवा, ती १२ खाटांची जागा नसती तर त्या रात्री कॉर्निशला नेले कुठे असते? हुशार हातालाही टेकायला जागा लागते. ती जागा एका मुलीला मिळालेल्या नकारातून उभी राहिली.

आपल्या गल्लीत अशी एखादी एमा असेल, तर तिला नुसता धीर देऊ नका. बसायला जागा द्या, पुस्तके द्या, फीला हातभार लावा.