अडलेला बोल्ट

(नभोवाणीवरील भाषण)



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांना हसूं येईल. ज्यानें सारें आयुष्य फळ्यावर खडू चालविण्यांत घालविलें, त्या मॅट्रिक झालेल्या पेन्शनर मास्तरानें मोटारसायकलीच्या बोल्टावर काय बोलावें? शंका रास्त आहे. मी यंत्रविद्येचा जाणकार नाहीं. परंतु एका बोल्टानें मला या वयांत जो धडा दिला, तो मीं पुरती फी भरून घेतलेला आहे. आणि आज घरोघरीं मोटारसायकल किंवा स्कूटर असल्यामुळें तो आपल्याही उपयोगीं पडेल, असें वाटतें.

माझ्या धाकट्या बंधूची एक जुनी मोटारसायकल होती. तो गेल्यानंतर ती आमच्या रत्नागिरीकडील घराच्या पडवींत चार पावसाळे उभी राहिली. समुद्र हांकेच्या अंतरावर. त्या खाऱ्या हवेंत लोखंडाचें काय होतें, हें कोंकणांतल्या माणसाला सांगावयास नको. माझ्या भावजयीला ती गाडी डोळ्यांसमोर नकोशी झाली होती. रोज सकाळीं अंगण सारवतांना ती दिसते, त्यापेक्षां भंगारवाल्याला देऊन टाकूं, असें ती म्हणे. पुतण्याला मात्र ती हवी होती. त्याला नुकतीच वीस किलोमीटरांवर नोकरी लागलेली. तो म्हणाला, “काका, एकदां सुरू होते का पाहूं. नाहीं झाली, तर मी स्वतः भंगारवाल्याला बोलावीन.” अखेर दिवाळीपर्यंतची मुदत ठरली.

बरींच वर्षें उभ्या राहिलेल्या गाडीच्या क्लचच्या चकत्या एकमेकींस चिकटून बसतात. त्या सोडविण्यासाठीं इंजिनाच्या बाजूचें अॅल्युमिनियमचें झांकण काढणें प्राप्त होतें. सात बोल्ट निमूटपणें निघाले. आठवा हलेना.

आतां माझा पराक्रम ऐका. पुतण्याजवळचे पाने मिलिमीटरच्या मापाचे होते. तेराचा पाना त्या डोक्यावर चढेना. चौदाचा चढला, पण किंचित् सैल बसला. पुतण्या म्हणाला, “काका, आपण मापाचा पाना शोधूं.” मीं उत्तर दिलें, “अरे, जोर लावला कीं सर्व कांहीं निघतें.” पान्याची दांडी वीतभर होती, तिच्यावर मीं नळाचा लांब तुकडा चढविला आणि दोन्ही हातांनीं दाबलें. खट्कन आवाज झाला. मला वाटलें, बोल्ट सुटला. सुटला होता तो पाना. डोक्याचे कोपरे झिजून गेले होते. तरीही मी थांबलों नाहीं. संध्याकाळपर्यंत त्या षट्‌कोनी डोक्याचा जवळजवळ गोटा झाला. पुतण्या एक शब्द बोलला नाहीं. त्यानें पाना पुसून ठेवला आणि म्हणाला, “आज राहूं द्या, काका.” त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. बापाच्या गाडीची ती शेवटची संधि माझ्या हातून गेली, असें तो मनांत म्हणत असेल, हा विचार जाईना.

श्रोतेहो, बोल्ट अडतो तो कशामुळें? गंज हा नुसता रंग नव्हे. लोखंड गंजतें तेव्हां बनणारा पदार्थ मूळच्या लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा मागतो. आट्यांच्या फटींत ती जागा कोठून मिळणार? मग तो गंज पाचरीसारखा घट्ट दाटून बसतो. त्यांतून पोलादी बोल्ट अॅल्युमिनियमच्या भोकांत असला आणि मध्यें खारें पाणी शिरलें, म्हणजे या दोन धातूंची एक लहानशी विजेची बॅटरीच तयार होते. तिच्यांत अॅल्युमिनियम झिजतें आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांत भरून राहते. जुन्या इंजिनाच्या बोल्टाभोंवतीं पांढरा भुरा दिसला, तर आंत काय चाललें आहे तें समजावें.

आणि माझा पाना कां निसटला? आट्यांना ठराविक माप असावें, हा विचार इंग्लंडमध्यें जोसेफ व्हिटवर्थ यांनीं १८४१ सालीं मांडला. त्या पद्धतींत आट्याचा कोन ५५ अंशांचा. आजच्या मिलिमीटरच्या पद्धतींत तो ६० अंशांचा. माझ्या बंधूची गाडी जुन्या इंग्रजी मापांची होती. त्या बोल्टाची जाडी एक इंचाचा पांच-षोडशांश, म्हणजे सुमारें ८ मिलिमीटर. आणि डोक्याच्या समोरासमोरच्या सपाट बाजूंमधील अंतर ०.५२५ इंच, म्हणजे १३.३ मिलिमीटर. तेराचा पाना चढला नाहीं आणि चौदाचा सैल झाला, याचें कारण एवढेंच. सैल पाना सपाट बाजूला धरीत नाहीं. तो केवळ कोपऱ्यांना धरतो, आणि कोपरे किती टिकणार?

पिळण्याचा जोर म्हणजे बळ गुणिलें दांडीची लांबी. हें मीं वर्गांत वर्षानुवर्षें शिकविलें आहे! ८ मिलिमीटरचा साधा बोल्ट कसावयास दोन ते अडीच किलोग्रॅम-मीटर जोर पुरेसा होतो. वीतभर पान्यावर हातानें साधारण तेवढाच जोर लागतो. मीं नळ चढवून तो चार-पांच पट केला. डोकें झिजलें, हें नशीबच म्हणावयाचें. बोल्ट मधोमध तुटला असता किंवा झांकणाला तडा गेला असता, तर तसें झांकण आज कोठें मिळावयाचें?

दुसऱ्या दिवशीं पुतण्यानें बाजारपेठेंतून एका फिटरला आणलें. तो माझा जुना विद्यार्थी निघाला. वय पन्नाशीच्या घरांत. त्यानें मला वांकून नमस्कार केला आणि तो गाडीपाशीं उकिडवा बसला. पांच मिनिटें त्यानें कशालाही हात लावला नाहीं, नुसतें पाहिलें. मग म्हणाला, “गुरुजी, दोन दिवस द्या.” मीं विचारलें, “आणि आज काय करणार?” “आज तेल घालणार, आणि जाणार.”

त्यानें केलें तें मी क्रमवार सांगतों. प्रथम तारेच्या ब्रशानें बोल्टाभोंवतींची घाण व गंज काढला. मग आट्यांत झिरपणारें पातळ तेल थोडें थोडें सोडलें. बाजारांत याचे डबे मिळतात. तें नसेल तर घासलेटांत थोडें इंजिनाचें तेल मिसळूनही काम भागतें. त्यानंतर डोक्यावर पितळेचा दांडा ठेवून हातोडीनें हलके हलके ठोके दिले. या ठोक्यांनीं गंजाला बारीक चिरा पडतात आणि तेलाला वाट मिळते. सकाळीं एकदां, रात्रीं एकदां, असें दोन दिवस चाललें. हें काम पुतण्यानें केलें. मी शेजारीं खुर्ची टाकून बसलों होतों.

तिसऱ्या दिवशीं फिटर आला, तो कानस घेऊन. माझ्या सैल पान्यानें बिघडविलेलें डोकें त्यानें सहाही बाजूंनीं अगदीं थोडें घांसलें, इतकें कीं तें बरोबर १३ मिलिमीटर भरावें. प्रत्येक बाजूस घासावयाचें होतें तें मिलिमीटरच्या पंचमांशाहून कमी. मग त्यावर सहा कोनांचा बॉक्स पाना हातोडीनें ठोकून बसविला. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी: बारा कोनांचा पाना चढवावयास सोपा असतो, परंतु झिजलेल्या डोक्यावर सहा कोनांचाच पाना घ्यावा, कारण तो सपाट बाजूंना धरतो.

त्यानंतर उष्णता. त्यापूर्वीं त्यानें पेट्रोलची टाकी काढून अंगणाच्या पलीकडे ठेविली, बॅटरीची तार सोडली, सांडलेलें तेल पुसून घेतलें आणि आम्हां दोघांना दूर बसविलें. ही दक्षता कोणीही वगळूं नये. अॅल्युमिनियम तापलें कीं पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतें. म्हणून बोल्टाला नव्हे, तर त्याच्या भोंवतालच्या धातूला ऊब द्यावयाची. शंभर अंश वाढले, तर ८ मिलिमीटरच्या भोंकांत जो फरक पडतो तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी. परंतु गंजाची पकड सुटण्यास तेवढा पुरतो. ही ऊब त्यानें गरम हवेच्या यंत्रानें दिली, ज्योतीनें नव्हे. अॅल्युमिनियम ६६० अंशांवर वितळतें, आणि लोखंडाप्रमाणें लाल होऊन तें आधीं सूचना देत नाहीं. ज्योत धरणाऱ्याला कळतें तेव्हां झांकण ओघळूं लागलेलें असतें.

पाण्याचा थेंब टाकतांच चुर्र होऊं लागला, तेव्हां त्यानें पाना धरला. आणि मला नवल वाटलें, कारण त्यानें तो प्रथम उलट दिशेला, म्हणजे कसण्याच्या बाजूस, किंचित् दाबला. मग सोडण्याच्या बाजूस. पुन्हां कसण्याच्या. कर्र असा आवाज आला आणि बोल्ट केसभर हलला. मी “निघाला!” म्हणून ओरडलों. तो म्हणाला, “अजून नाहीं, गुरुजी.” एक अष्टमांश फेरा पुढें, तितकाच मागें, पुन्हां तेल, असें अर्धा तास चाललें. एकदम बाहेर ओढला असता, तर आट्यांत अडकलेल्या भुकटीनें अॅल्युमिनियमचे आटेच खरवडून नेले असते.

एवढें करूनही बोल्ट न निघाला तर? तें मीं त्याला विचारून ठेविलें. डोकें उरलें नसेल, तर उरलेल्या खुंटावर नवा नट ठेवून आंतून वेल्डिंग करतात. नटाला पाना लागतो आणि वेल्डिंगची उष्णताही कामीं येते. बोल्ट आंतच तुटला असेल, तर बरोबर मध्यभागीं पंचानें खूण करून डाव्या फेऱ्याच्या ड्रिलनें भोंक पाडतात. पुष्कळदां भोंक पडतां पडतांच तुकडा उलट फिरून बाहेर येतो. भोंकांत उलट्या पिळाचा काढणा घालूनही तुकडा काढतात. परंतु तो काढणा फार कठीण पोलादाचा असतो आणि तोच आंत तुटला, तर साधें ड्रिल त्याला शिवूं शकत नाहीं. म्हणून तो दुर्बळ हातानें आणि सबळ धीरानें वापरावा. आटे गेलेच, तर भोंक मोठें करून त्यांत तारेच्या वेटोळ्याचे नवे आटे बसवितां येतात. यांपैकीं वेल्डिंगचें आणि ड्रिलचें काम घरीं करूं नये. आणि कोणतेंही काम डोळ्यांवर चष्मा चढविल्याशिवाय करूं नये.

आमचा बोल्ट सबंध निघाला. फिटरनें आटे साफ केले, त्याच मापाचा नवा बोल्ट घेतला आणि परत बसवितांना आट्यांना न गंजण्याचा लेप लावला. तसा लेप किंवा ग्रीस लावलेला बोल्ट कमी जोरांत अधिक आवळला जातो, म्हणून तो थोड्या हलक्या हातानें कसावा, हेंही त्यानें पुतण्याला सांगितलें.

काम संपल्यावर त्यानें मजुरी सांगितली. गुरुजी म्हणून त्यानें एक पैसाही सोडला नाहीं, आणि तें मला फार आवडलें. चहा घेतांना मात्र माझ्या मनांतली गोष्ट मला गिळवेना. हा मुलगा सातवींत त्रैराशिकावर अडला होता. चार वेळां विचारूनही उत्तर येईना, तेव्हां मीं भर वर्गांत त्याला म्हटलें होतें, “तुझ्या हातून जन्मांत कांहीं होणार नाहीं.” मीं त्याला त्या वाक्याची आठवण दिली आणि चुकलों असें म्हणालों. त्यानें कप खालीं ठेविला. म्हणाला, “मला आठवत नाहीं, गुरुजी. आपण तें पुष्कळांना म्हणत होतां.”

श्रोतेहो, त्याच्या मनांत खोंच नव्हती. म्हणूनच ती मला अधिक लागली. चौदाचा पाना घेऊन मी किती वर्षें आणि किती डोक्यांवर जोर करीत होतों, याचा हिशेब मला आतां मांडतां येणार नाहीं. जाण्यापूर्वीं तो पुतण्याला एवढेंच सांगून गेला, “बाळ, गंजानें बोल्ट नुसता अडतो. तुटतो तो घाईनें.”

क्लचच्या चकत्या धुतल्या गेल्या, कार्ब्युरेटर साफ झाला, आणि दिवाळीच्या आठ दिवस आधीं संध्याकाळीं गाडीनें पहिला ठोका दिला. आवाज ऐकून भावजय हात न पुसतांच स्वयंपाकघरांतून दारापर्यंत आली. ती कांहीं बोलली नाहीं. भंगारवाल्याचें नांव मात्र त्यानंतर घरांत निघालें नाहीं.

तो गोट्यासारखा झालेला बोल्ट मीं माझ्या टेबलावर ठेविला आहे. शेजारची मुलें संध्याकाळीं गणित विचारावयास येतात. एखादें अडलें आणि माझा आवाज चढूं लागला, कीं तो माझ्या दृष्टीस पडतो. मग मी म्हणतों, “राहूं दे. उद्यां पुन्हां पाहूं.”