चंद्याची पावती अन् जबरानजोतीची पावती

(१९८५ साली नागपूरला भरलेल्या कार्यकर्ता शिबिरात, कन्हान भागात कारखान्यात काम करणाऱ्या आपल्या एका साथीने केलेलं भाषण. टेपवरून उतरवून, थोडं आवरून देत आहोत. — संपादक)



युनियनच्या निवडणुकीत आपल्या लोकांनी उतरावं की नाही, यावर बोल असं मला सांगितलं आहे. सकाळपासून इथे सातबारा, पट्टे, वनखातं हेच चाललं आहे. त्यात हा युनियनवाला मधेच कुठून आला, असं कुणाच्या मनात येईल. म्हणून आधी तेवढं सांगून टाकतो.

आमच्या रामटेककडचा माणूस पावसाळ्यात धानाच्या बांधीत असतो अन् दिवाळीनंतर कारखान्यात. गेटवर मुकादम म्हणतो, "तुले त शेती आहे, तुले कायम कायले करू?" तोच माणूस पट्ट्याची फाईल विचारायला गेला की बाबू म्हणतो, "तू त कारखान्यात लागला, तुले जमीन कायले पाह्यजे?" म्हणजे गेटवर आपण शेतकरी अन् कचेरीत नोकरदार. दोन्हीकडून हाकललेलो. पट्ट्याच्या बाजूने आपली संघटना लढते आहे. पण गेटच्या बाजूने कोण लढणार? कायम कोण, बदली कोण, ठेक्याचा कोण, हे वाटाघाटीत ठरतं अन् करारावर सही युनियनच्या चिटणीसाची असते. तो चिटणीस निवडून येतो. कुणाच्या मतांनी येतो, एवढाच माझा विषय आहे.

मी पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा मला वाटलं, आपण जिंकलोच. भट्टीवरचे, माल फोडणाऱ्या बाया, गाडी भरणारे, सगळे आपले. दुपारच्या सुटीत घोळका जमायचा, मी बोलायचो, लोक टाळ्या द्यायचे. सभा ठेवली भाद्रपदात, पोळा झाल्यावर. कायम कामगार सगळे हजर. आपली अर्धी माणसं रोवणी आटपून निंदणात अडकलेली. जे आले, त्यांना दारावर यादी दाखवली. "तुमचं नाव नाही." काहून नाही? तर मृगात गावी गेला तो चंदा थकवून गेला, अन् आता चौथा महिना लागला. तीन महिन्यांवर थकबाकी म्हणजे सभासद नाही, असं नियमात लिहिलं होतं. आम्ही भांडलो, आरडाओरडा केला. यादी दाखवणारा माणूस शांत होता. त्याच्याकडे रजिस्टर होतं, आमच्याकडे तोंड होतं. मी पडलो. चांगला सपाटून पडलो.

त्या रात्री घरी येताना मला माझा बाप आठवला. १९७८ साली सरकारनं ठरवलं की ३१ मार्च १९७८ पर्यंतची जबरानजोत कायम करून पट्टे द्यायचे. जंगल खात्यानं दंड केला की लोक शरमेनं पावती फाडून टाकायचे. बापानं ती ट्रंकेत आईच्या लुगड्याखाली ठेवली होती. तीच पुढे कामी आली. दंडाची पावती, म्हणजे गुन्ह्याचा कागद, पण त्यावर नाव होतं अन् तारीख होती. ज्यानं वीस वर्षं नांगर चालवला पण कागद ठेवला नाही, त्याला अजूनही कुणी विचारत नाही. सभासद-रजिस्टर म्हणजे युनियनचा सातबाराच आहे. मालक-कुळ त्याच्यावर लिहिलेला नसला की नांगर कुणाचा चालतो याला किंमत नाही.

हे आपल्या एका कारखान्यापुरतं नाही. मुंबईत १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास माणूस बाहेर पडला, तो डॉ. दत्ता सामंतांच्या मागे. पण १९४६ च्या कायद्याप्रमाणे बोलणी करायचा हक्क राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे, कारण रजिस्टरवर सभासद त्यांचे दाखवलेले. कामगारांनी गुप्त मतदानाची मागणी किती वेळा केली! पण मत घ्यायची सोयच त्या कायद्यात नव्हती. रस्ता एकाचा अन् वही दुसऱ्याची. पुढे काय झालं ते आपण पाहतोच आहोत, अजून घरी बसलेले गिरणीवाले कोकणात, घाटावर सापडतील.

आपल्या कारखान्यांना १९७१ चा मान्यतेचा कायदा लागतो. पन्नास किंवा त्याहून जास्त कामगारांच्या कारखान्यात ज्या युनियनकडे शंभरात तीस सभासद, तेही सहा महिने टिकलेले, तिला मान्यता मागता येते. महिन्याचा चंदा पन्नास पैशांपेक्षा कमी चालत नाही. अन् त्या सहा महिन्यांत तीन महिन्यांहून जास्त थकला, तर मोजणीत तो माणूस धरत नाहीत. आठ आण्याची गोष्ट आहे, बाप्पा! विडीचं बंडल महाग पडतं. पण आपला माणूस मृग ते दिवाळी गेटवर नसतो, अन् चंदा घेणारा गेटवरच उभा असतो.

ज्याचं नाव हजेरीवरच नाही त्याचं तर विचारूच नका. आपल्या कामठीत बाबू हरदासांनी विडी मजुरांची संघटना बांधली. १९३७ साली ते विधिमंडळात गेले, अन् १९३९ साली ऐन तरुणपणी वारले. विडी वळणारी बाई घरात बसून वळते, तेंदूपान अन् तंबाखू सट्टेदार देतो, कारखानदार म्हणतो ही माझी कामगारच नाही. अशा बाईला युनियनच्या वहीत आणणं हेच पहिलं काम होतं, भाषण मागून. आपले तेंदूपान तोडणारे लोक अजून त्याच जागी आहेत, त्यावर कधी वेगळं बोलू.

कुणी म्हणतं, अशा युनियनमध्ये राहायचंच कशाला, आपली काढू. काढता येते. १९२६ च्या कायद्यात सात जण मिळून नोंदणी मागू शकतात. दल्ली-राजहऱ्यात १९७७ साली ठेक्याच्या खाण-मजुरांनी हेच केलं. त्यात आपले आदिवासीच जास्त. जुन्या युनियननं बोनसात कायम अन् ठेकेवाल्यांत फरक केला, म्हणून हजारोंनी बाहेर पडले अन् शंकर गुहा नियोगींना घेऊन स्वतःची युनियन बांधली. त्याच वर्षी जूनमध्ये गोळीबार झाला, अकरा माणसं गेली. पण ते सगळे एकदम उठले होते. आपण कारखान्यात वीस-पंचवीस जण आहोत. वीस जणांनी वेगळा फलक लावला तर मालक खूश होईल, त्याला दोन युनियनी पाहिजेच असतात. माझं मत, जिथे आपण थोडे तिथे आत राहून लढावं. इथे सगळ्यांना हे पटेल असं नाही, चहाच्या वेळी भांडू.

आता दुसऱ्या वेळी काय केलं ते सांगतो. मी अध्यक्षपदाला उभा राहिलो नाही. आपल्या लोकांना अध्यक्षाची खुर्ची फार आवडते. हार पडतो, फोटो निघतो. अन् युनियनवाले पण आदिवासी माणसाला आनंदानं उपाध्यक्ष करतात, म्हणजे पत्रकावर नाव छापलं जातं अन् काम काही नसतं. आम्ही मागितलं खजिनदारपद, अन् कार्यकारिणीत माल फोडणाऱ्या बायांमधली एक जागा. खजिनदाराकडे पावतीपुस्तक असतं. बाहेरचा वकील किंवा पुढारी पदावर चालतो, पण निम्मे पदाधिकारी त्याच धंद्यातले कामगार असले पाहिजेत असं कायदा म्हणतो, तेवढी जागा आपल्यासाठी उघडीच आहे.

तयारी आम्ही होळीपासून केली. हिशेबाची वही अन् सभासदांची यादी पाहायचा हक्क प्रत्येक सभासदाला नियमानं द्यावाच लागतो. हे कळल्यावर आमच्यातला एक शिकलेला पोरगा रोज पाळी सुटल्यावर कचेरीत जाऊन बसायचा. पहिले चार दिवस चावी सापडली नाही. पाचव्या दिवशी सापडली. यादीत दोन माणसं मेलेली होती अन् आपली जिवंत माणसं नव्हती. मृगाच्या आधी घरोघर जाऊन चंदा आगाऊ गोळा केला, पावतीशिवाय एक पैसा दिला नाही. ज्या बायांना सही येत नाही त्यांनी पावती चोळीत ठेवली.

सभेत हात वर करून मत घ्यायचं ठरलं होतं. मुकादम भिंतीला टेकून उभा. हात वर करणाऱ्या ठेक्याच्या बाईचं दुसऱ्या दिवशी काय होतं, सांगायला नको. कायदा एवढंच म्हणतो की निवड कशी करायची ते युनियनच्या नियमात असावं. चिठ्ठीच पाहिजे असं म्हणत नाही. आमच्या नियमात दोन्ही लिहिलं होतं, सभेनं मागितलं तर चिठ्ठी. आमची बाई उठली अन् म्हणाली, "चिठ्ठी पाह्यजे." एवढंच. टाळ्या वाजल्या नाहीत, पण मागून चाळीस-पन्नास जण "चिठ्ठी, चिठ्ठी" म्हणाले, त्यात कायम कामगार पण होते. त्यांनाही मुकादम होताच की.

खजिनदारपद आलं. बाईची जागा आली. चिटणीस तोच राहिला, जुना. पहिल्या बैठकीत आम्ही एक ठराव केला, रोवणीला जाणाऱ्याचा चंदा जाण्याआधी आगाऊ घ्यायचा अन् वार्षिक सभा दिवाळीनंतर ठेवायची. तो मंजूर झाला. दुसरा ठराव, रोवणीची गैरहजेरी सेवेत खंड धरू नये अशी मागणी करारात घालायची. त्यावर चिटणीस म्हणाला, पुढच्या वेळी पाहू. तो ठराव अजून पडून आहे.

एका साथीनं आत्ता चिठ्ठी पाठवली आहे, निवडणुकीत घोटाळा केला तर कुठे जायचं? महाराष्ट्रात युनियनमधला असा वाद औद्योगिक न्यायालयात नेता येतो, निबंधकाकडून दाखला घेऊन. पण तिथे पहिला प्रश्न हाच की तू सभासद आहेस का, दाखव. म्हणून उद्या सकाळी जेवणाआधी ज्यांच्याकडे कारखान्याची, गिरणीची, विडीची, कुठल्याही युनियनची पावती आहे त्यांनी ती घेऊन माझ्याकडे या. ज्यांच्याकडे नाही त्यांनी पण या. त्यांचीच यादी आधी करायची आहे.