दोन मिनिटं नीट उभे राहा

म्हैसूरहून बोलते आहे. विषय आहे डोंगरात चालताना बुटात घालायच्या इनसोलचा, त्यातही गरम करून पायाचा आकार देता येणाऱ्या इनसोलचा. बूट कसा घ्यावा, मोजे कसे असावेत, हे डोंगरात जाणाऱ्यांना माहीत असतं. त्यात वेळ घालवत नाही. मला काळजी आहे ती एकाच गोष्टीची आणि ती मी आज पुन्हा पुन्हा सांगणार आहे. गरम इनसोल बुटात घातल्यावर त्यावर जी दोन मिनिटं उभं राहायचं असतं, ती नीट उभे राहा.

पुण्या-मुंबईची तरुण मंडळी कुमारपर्वताला किंवा कोडगूतल्या तडियंडमोळला जाताना आमच्याकडे मुक्कामाला असतात. आदल्या रात्री नवे इनसोल बाहेर निघतात. पाकिटावरच्या सूचना मोठ्याने वाचल्या जातात. बहुतेकांवर नव्वद-पंचाण्णव अंश सेल्सियस आणि दोनेक मिनिटं असं लिहिलेलं असतं. ओव्हन तापतो, वेळ मोजली जाते, इथवर सगळं चोख. मग बुटात पाय घालून एकजण फोनवर बोलत एकाच पायावर रेलून उभा राहतो. दुसरी वाकून सॅक आवरायला लागते. तिसरा तर चहा आणायला स्वयंपाकघरात चालू लागतो! अरे बाळांनो, त्याच वेळी तर तो फोम आकार धरत असतो.

उकडीचे मोदक ज्यांच्या हातचे होतात त्यांना हे लगेच पटेल. तांदळाची उकड गरम आहे तोवर बोटांचं ऐकते. पारी करताना अंगठा जिथे जास्त दाबला जातो तिथे ती पातळ होते आणि मोदक नेमका तिथेच फुटून सारण बाहेर येतं. उकड निवली की कळ्या पाडताना चिरते, मग कितीही पाण्याचा हात लावा. इनसोलमधला ईव्हीए फोम असाच वागतो. शंभर अंशांच्या आतच तो मऊ पडतो आणि निवताना ज्या दाबाखाली असेल तोच आकार घेऊन बसतो. तुमचा भार उजवीकडे असेल तर उजवी बाजू दबणार, डावीला पाय नीट टेकणारच नाही, आणि ही पारी फुटणार दहाव्या किलोमीटरला, टाचेवरच्या फोडाच्या रूपाने. एक बरं आहे. उकड पुन्हा मळता येते, तसे यातले बरेच इनसोल पुन्हा गरम करून घेता येतात. पहिल्यांदा बिघडला म्हणून फेकून देऊ नका.

तेव्हा असं करा. बुटातला मूळचा इनसोल आधी काढा. तो नव्यावर ठेवून नव्याचा पुढचा भाग कापून घ्या. मूळचा तसाच राहिला तर बोटांना जागा उरत नाही. काम संध्याकाळी करा, कारण दिवसभराने पाय थोडा सुजलेला असतो आणि डोंगरातही तो सुजणारच. ट्रेकचेच मोजे घाला. खुर्चीवर बसून नाडी झटपट बांधा, मग उठा. दोन्ही पायांत कमरेच्या रुंदीएवढं अंतर, भार दोन्हीकडे सारखा, गुडघे सरळ पुढे, नजर समोर. आणि हलू नका. आणि हो, गरम करायला मायक्रोवेव्ह नको, तवा तर नकोच नको.

एवढा आग्रह का? तळपायावरचा भार एका जागी न साचता पसरावा, यासाठीच तर हा खटाटोप. १९४६ साली वेलूरला आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांवरच्या जखमा अभ्यासल्या. एकाच जागी पुन्हा पुन्हा पडणारा दाब त्या जखमा करतो, हे त्यांनी दाखवून दिलं, आणि अशा पायांसाठी बारीक छिद्रांच्या मऊ रबराच्या चपला वापरात आल्या. निरोगी पाय दुखून आपल्याला सावध करतो. मधुमेहाने ज्यांचे पाय बधिर झाले आहेत त्यांना ती सोय नाही. त्यांनी गरम इनसोलवर पाय ठेवूच नये, आधी डॉक्टरांना विचारावं. खरं तर यावर वेगळं बोलायला हवं, पण घड्याळ थांबत नाही.

आता चाचणी. सपाट रस्त्यावर इनसोलची परीक्षा होत नाही, चढावरही फारशी होत नाही. ती होते उतारावर, कारण तिथे पाय बुटात पुढे सरकतो. आमच्या म्हैसूरला त्यासाठी चामुंडी टेकडीच्या हजारेक पायऱ्या आहेत, सतराव्या शतकात दोड्ड देवराज वोडेयरांच्या काळातल्या आणि सगळ्या सारख्या उंचीच्या नसलेल्या. हेच तर हवं. सॅकमध्ये पाण्याच्या भरलेल्या बाटल्या टाका आणि माथ्यावरून उतरायला लागा. अनवाणी, पायरीपायरीला हळदकुंकू लावत वर येणाऱ्या बायकांना आधी वाट द्या. पुढे नंदी लागतो. तिथे दर्शनाला बूट उतरवायचेच, तेव्हा मोजेही काढा आणि तळपाय निरखून बघा. जिथे लाल वळ दिसेल तिथे आकार चुकलाय. घरी येऊन पुन्हा गरम करा आणि पुन्हा, सांगितलं तसं, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहा. पुणेकरांना यासाठी सिंहगड आहेच.

कुमारपर्वत १७१२ मीटरचा, आपल्या कळसूबाईहून उंच, आणि पायथ्याचं कुक्के सुब्रह्मण्य अगदी सखल. जवळजवळ सगळी उंची पायांनीच चढायची आणि पायांनीच उतरायची. तिथे पोचल्यावर इनसोल तपासायला बसू नका.

वेळ संपल्याची खूण झाली. कमानीच्या उंचीप्रमाणे इनसोल कसा निवडायचा, ओल्या पायाचा फरशीवरचा ठसा त्यासाठी कसा वाचायचा, हे राहूनच गेलं. एवढं मात्र सांगते, पावसातून आलात की इनसोल बुटाबाहेर काढून सावलीत वाळवा. उन्हात उभ्या बंद गाडीत ठेवू नका, तिथल्या उष्णतेने फोम पुन्हा मऊ पडू शकतो, आणि मग त्यावर सॅक ठेवलेली असली तर... असो.