शिकंज्याचे जबडे कोणत्या लाकडाचे?



शाळेत मुले पटाशी चालवू लागली, की फळी घट्ट धरणारा शिकंजा हवाच. फळी निसटली तर पटाशी पोराच्या हातात जाते! लोखंडी मळसूत्र बाजारातून आणावे. जबडे मात्र घरी होतात. मग लाकूड कोणते घ्यावे?

आंबा स्वस्त खरा, पण नरम. मळसूत्र आवळले की दबतो. बाभूळ आपल्या बांधावरचीच. गाडीच्या चाकाला चालते ती इथे का चालू नये? चालते, पण ओली नको. ओली बाभूळ वाळताना पिळवटते, आणि कडेच्या पांढऱ्या लाकडाला कीड लागते. म्हणून तांबूस गाभ्याचा, अगदी मधला भाग वगळलेला, दोन इंच जाडीचा तुकडा घ्या. सावलीत, खाली पट्ट्या देऊन ठेवा. दर पंधरवड्याला वजन करा. वजन उतरायचे थांबले, म्हणजे लाकूड वाळले.

साग बाभळीहून नरम, पण वाळल्यावर सहसा वाकत नाही. जुन्या घराची सागवानी चौकट मिळाली तर उत्तमच. आधी खिळे तेवढे काढा.

लाकडाच्या रेषा जबड्याच्या लांबीने जाऊ द्या. आडव्या गेल्या, तर ताण पडताच जबडा मोडेल. गाठ टाळा. आतून चामडे लावा, म्हणजे कामावर वळ उठणार नाहीत.

आणि गुरुजी, वजनाचे आकडे मुलांनाच वहीत लिहू द्या. सुतारकामाबरोबर गणितही होईल!