आपला बोरू आपण तासावा

लिहिणाऱ्याने आपला बोरू आपणच तासून घ्यावा, अशी आपल्याकडे एके काळी शिस्त होती. देवनागरीची वळणे उमटावयाची तर बोरूची जीभ तिरपी छाटावी लागे, आणि ती किती तिरपी हे ज्याच्या त्याच्या हातावर अवलंबून असे. आज लेखणीची जागा संगणकाने घेतली आहे, आणि जो ब्लॉग लिहितो त्याचा बोरू म्हणजे ते लेखन साठविणारी, मांडणारी आणि वाचकांपर्यंत पोहोचविणारी आज्ञावली होय. हा बोरू बहुतेक लेखक तयार घेतात. तो स्वतः तासता येतो काय, आणि तासावा काय, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा नाही.

त्याचे कारण आपल्या देशातील एका घटनेत सापडते. जुलै २००६ मध्ये मुंबईच्या लोकलगाड्यांतील बाँबस्फोटांनंतर काही मोजकी पृष्ठे बंद करण्याचा आदेश सरकारने इंटरनेट पुरविणाऱ्या कंपन्यांना दिला. कंपन्यांनी पृष्ठे वेगळी काढण्याचा खटाटोप न करता ‘ब्लॉगस्पॉट’सारखी संपूर्ण ठिकाणेच बंद केली. ज्यांचा त्या आदेशाशी काडीचाही संबंध नव्हता अशा असंख्य लेखकांच्या वह्या काही दिवस देशातील वाचकांस दिसेनाशा झाल्या. याहून मोठी हानी बंद पडलेल्या सेवांनी केली. ‘जिओसिटीज’ २००९ मध्ये गेली, ‘पोस्टरस’ २०१३ मध्ये. भाड्याच्या घरात ठेवलेले लेखन घरमालकाच्या मर्जीवर राहते, एवढाच याचा अर्थ.

मग स्वतःचे घर बांधावे म्हणजे काय करावे? ब्लॉगचे अंतरंग वाटते तितके गहन नाही. लेख, त्याची तारीख आणि त्याचे वर्गीकरण साठविणारी एक नोंदवही, म्हणजे डेटाबेस. त्या नोंदी ठराविक साच्यात बसवून पृष्ठ तयार करणारा भाग. लेखकास आत येऊ देणारे कुलूप. आणि वाचकांचे अभिप्राय स्वीकारणारी पेटी. एवढे चार भाग होशी माणूस थोड्या आठवड्यांत उभे करू शकतो. कठीण असते ते पुढचे. अभिप्रायाच्या पेटीत जाहिराती येऊन पडतात, कुलूप उघडू पाहणारे टपून बसतात आणि आज्ञावलीची भाषाच दर काही वर्षांनी बदलते. घर बांधणे सोपे, पण पावसाळ्यापूर्वी दर वर्षी कौले चाळणे कंटाळवाणे. आणि घर गळते ते न चाळलेल्या कौलांमुळेच.

या पेचातून मार्ग निघाला तो सहकारातून. मिशेल वाल्ड्रिगी या तरुणाने ‘बी-टू’ नावाची आज्ञावली लिहून सर्वांस खुली केली होती. तिचे काम थंडावल्यावर अमेरिकेतील मॅट मलनवेग आणि इंग्लंडमधील माइक लिटल यांनी तिच्याच पायावर २००३ च्या मे महिन्यात ‘वर्डप्रेस’ उभारले. वाल्ड्रिगीच्या परवान्यानुसार मूळ संहिता कोणीही वाचावी, बदलावी व पुढे द्यावी, अशी मोकळीक होती. म्हणून त्यांना कोणाची परवानगी मागावी लागली नाही. पुढील वर्षी, २००४ च्या मे महिन्यात, वर्डप्रेसमध्ये प्लगिनची सोय आली.

प्लगिनची कल्पना मोठी शहाणपणाची आहे. मूळ आज्ञावली आपले काम करीत असताना ठरलेल्या जागी क्षणभर थांबते आणि विचारते, ‘येथे कोणास काही करावयाचे आहे काय?’ लेख पृष्ठावर उमटण्यापूर्वी असा एक थांबा असतो, अभिप्राय साठविण्यापूर्वी दुसरा. ज्याने तेथे आपले चार ओळींचे काम नोंदवून ठेवले असेल त्याला ते करू दिले जाते. मूळ घराच्या भिंतीस हात न लावता नवी खिडकी बसते, आणि घर पुढे दुरुस्त झाले तरी खिडकी जागच्या जागी राहते.

या खिडक्यांची गरज आपल्या भाषांना अधिक. एक साधे उदाहरण पाहावे. वर्डप्रेस लेखाच्या शीर्षकावरून त्याचा पत्ता तयार करते आणि त्या पत्त्यासाठी २०० चिन्हांची जागा राखते. इंग्रजी अक्षराला त्यात एक चिन्ह लागते. देवनागरीतील प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना, मात्रा आणि अनुस्वार यांस मात्र सांकेतिक रूपात प्रत्येकी ९ चिन्हे लागतात. त्यामुळे ‘बेंगळुरूतील मराठी वाचनालयांची वाटचाल’ असे शीर्षक दिले, तर पत्ता ‘वाचनाल’ येथेच तुटतो. यात कोणाचा द्वेष नाही. ज्याने जागा आखली त्याच्या डोळ्यांसमोर आपली लिपी नव्हती, एवढेच. शीर्षकाचे रोमन लिप्यंतर करून आखूड पत्ता देणारे प्लगिन अल्प श्रमात होते. पण ते कोणा परक्याला सुचणार नाही. ज्याचे शीर्षक तुटले त्यालाच सुचेल.

बेंगळुरूकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. या शहराची ख्याती परदेशी कंपन्यांची कामे करून देणारे नगर अशी झाली. परंतु तेथे दुसरीही एक परंपरा रुजली. बेळगावात शिक्षण झालेले अतुल चिटणीस (१९६२–२०१३) हे तिचे एक प्रमुख नाव. १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वसामान्य भारतीयांस खुले होण्यापूर्वीच त्यांनी बेंगळुरूत दूरध्वनीच्या तारेवर चालणारा ‘सिक्स’ हा संगणकीय फलक चालविला होता. १९९६ मध्ये ‘पीसी क्वेस्ट’ मासिकाबरोबर लिनक्सची तबकडी वाचकांच्या हाती पडली, त्या उपक्रमामागेही ते होते. २००१ मध्ये ‘लिनक्स बंगलोर’ या नावाने सुरू झालेली परिषद २००५ पासून ‘फॉस डॉट इन’ झाली आणि २०१२ पर्यंत भरत राहिली. तिने पुढेपुढे एकच आग्रह धरला: खुल्या आज्ञावली नुसत्या वापरू नका, त्यांत भर घाला. ऐकणाऱ्यांच्या सभेपेक्षा बसून संहिता लिहिणाऱ्यांच्या बैठकी तेथे महत्त्वाच्या ठरू लागल्या.

त्याच शहराशी निगडित हरिप्रसाद नाडिग यांनी २००५ मध्ये ‘संपद’ हे कन्नड लेखकांचे संकेतस्थळ सुरू केले. त्याचा पाया ‘ड्रूपल’ ही बेल्जियममध्ये जन्मलेली खुली आज्ञावली होती. मराठीतही ‘मनोगत’ व ‘मिसळपाव’ ही संकेतस्थळे ड्रूपलवरच उभी राहिली. पाया परका, पण त्यावर चढविलेले काम आपले. मनोगतावर लेखकाच्या चुका दाखविणारा शुद्धिचिकित्सक होता. ओंकार जोशी यांच्या ‘गमभन’मुळे रोमन कळफलकावरून थेट मराठी लिहिता येऊ लागले, आणि निरनिराळ्या ब्लॉग-प्रणालींना जोडता येतील अशी तिची रूपे त्यांनी उपलब्ध केली. शेषाद्रिवासू चंद्रशेखरन् यांची ‘बरह’ ही आज्ञावली १९९८ मध्ये कन्नडसाठी निघाली; ‘बरह’ म्हणजे कन्नडमध्ये लेखन. पुढे तिने मराठीलाही हात दिला. कर्नाटक आणि महाराष्ट्र यांच्या सीमेवरील वाद कितीही जुना असो, एका कन्नड माणसाने केलेल्या टाकाने कित्येक मराठी माणसांनी आपले पहिले संगणकीय लेखन केले, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

मात्र या स्वातंत्र्यास जबाबदारीची जोड हवी. प्लगिन मूळ आज्ञावलीच्या सर्व अधिकारांनिशी चालते. म्हणून निष्काळजीपणे लिहिलेले प्लगिन म्हणजे आतून उघडी राहिलेली खिडकी. बाहेरून आलेला मजकूर तपासल्यावाचून नोंदवहीत घालू नये, आणि तो निर्धोक केल्यावाचून पृष्ठावर उमटवू नये, हे दोन नियम या कामात सोवळ्यासारखे पाळावे लागतात. लेखनाची प्रत नियमाने दुसऱ्या जागी ठेवावी आणि ती परत उघडते की नाही, हे अधूनमधून पाहावे. ज्याला एवढा वेळ नाही, त्याने तयार सेवा वापरण्यात कमीपणा नाही; फक्त आपले लेखन तेथून सबंध बाहेर काढता येते, याची खात्री आधी करून घ्यावी.

संपूर्ण आज्ञावली एकट्याने लिहिणे हा शिकण्याचा उत्तम मार्ग आहे. नांदण्याचा तो क्वचितच असतो. बहुतेकांस पुरेसे आहे ते एवढेच: खुल्या पायावर घर बांधावे, आपली अडचण नेमकी ओळखावी, तिच्यापुरते छोटे प्लगिन लिहावे आणि ते इतरांस द्यावे. दिलेल्या प्लगिनातील चूक कोणी दुसरा दाखवितो, तिसरा ती सुधारतो, आणि ज्याला स्वतः संहिता लिहिता येत नाही त्याच्याही लेखाचा पत्ता ‘वाचनाल’पाशी तुटत नाही. मराठी लेखनाचे संगणकावरील बरेचसे बस्तान अशाच माणसांनी बसविले आहे. उरलेले काम त्यांच्यामागून येणाऱ्यांचे आहे.